पाटा, शॅकल आणि चाकाची चाल

कोल्हापूर जिल्ह्यात पूर्वेकडून पश्चिमेकडे जेमतेम शंभर किलोमीटर गेलं की चाकाखालची जमीन पार बदलून जाते. शिरोळ-हातकणंगल्याची काळी माती पावसात टायरला थरावर थर चिकटते आणि वाळली की तिच्यात विटेसारख्या कडक चाकोऱ्या पडतात. मध्ये करवीर-पन्हाळ्याचा मुरूम आणि माळ. पुढे राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडे जांभ्याचे सडे, लाल चिखल आणि ओढ्यातले गोटे. शिरोळात वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर गगनबावड्यात पाच हजार मिलिमीटरच्या पुढे. या सगळ्या जमिनीवरून उसाचं बियाणं, खताची पोती, वैरण आणि दुधाचे कॅन वाहणारी गाडी म्हणजे पिकअप. डांबरी रस्ता संपून पाणंद सुरू होते तिथे तिची खरी परीक्षा असते.

जुनी पिकअप घेऊन तिचं सस्पेन्शन आडरानासाठी नव्याने बांधायचं, ही हौस अलीकडे कोल्हापुरात बरीच दिसते. पंधरा-वीस वर्षं माल वाहून थकलेली बोलेरो किंवा टाटा २०७ स्वस्तात मिळते, चासी दणकट असते, इंजिन साधं असतं आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. गाडी गॅरेजात उभी राहिली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती इंच वर घ्यायची?" या प्रकरणात मला मांडायचं आहे ते एवढंच, की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा: चाक किती खाली-वर जाऊ शकतं, आणि जाताना जमीन सोडतं का? उंची रस्त्यावर उभ्या माणसाला दिसते. चाकाची चाल फक्त चालवणाऱ्याला कळते, आणि चिखलातून बाहेर काढते ती चालच.

रिकामी पिकअप खड्ड्यावर का उडते, इथून सुरुवात करू. पाटा म्हणजे स्प्रिंग पोलादाची पट्टी. एकावर एक अशा पट्ट्या ठेवून, सेंटर बोल्टने आवळून, यू बोल्टने ॲक्सलच्या हाउसिंगला बांधल्या की झाला पाट्यांचा सेट. घोडागाड्यांसाठी कमानदार पाट्यांचं पेटंट लंडनच्या ओबाडाया एलियट यांनी १८०४ मध्ये घेतलं. त्याआधी १६७८ मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्प्रिंगचा नियम छापून ठेवला होता: जेवढा भार, तेवढं दबणं. दुप्पट वजन टाकलं की स्प्रिंग दुप्पट दबते. पिकअपचं सगळं दुखणं या साध्या नियमात आहे.

एक हिशेब मांडू. पाट्याची लांबी, टोकाच्या एका डोळ्यापासून (पिन जाते त्या भोकापासून) दुसऱ्यापर्यंत, १२०० मिलिमीटर, रुंदी ६०, जाडी ८, आणि असे आठ पाटे. सूत्रात हे आकडे घातले तर सेटचा कडकपणा येतो मिलिमीटरला सुमारे पावणेआठ किलो. म्हणजे पावणेआठ किलो टाकले की स्प्रिंग एक मिलिमीटर बसते. रिकाम्या गाडीत मागच्या एका पाट्यावर अडीचशे किलो भार धरला, तर तो बसतो अवघा ३२ मिलिमीटर. पूर्ण माल भरला आणि भार साडेआठशे किलो झाला, की बसतो ११० मिलिमीटर. स्प्रिंग जितकी जास्त बसलेली, तितकी गाडीची हेलकावण्याची लय संथ. भरलेली गाडी मिनिटाला नव्वदच्या आसपास हेलकावे घेते, आणि माणसाच्या शरीराला ही लय सोसते. रिकामी गाडी मिनिटाला १६५ च्या पुढे जाते. पाठीचे मणके हलवणारी लय ती हीच. कंपनीची यात काही चूक नाही. तिने पाटा दीड टन मालासाठी बनवला आहे. आपण त्यावर दोन माणसं, एक तंबू आणि पाण्याचा कॅन घेऊन निघतो.

मग सोपा उपाय सुचतो: आठातले तीन पाटे काढून टाकायचे. अनेक ठिकाणी हेच केलं जातं आणि पहिल्या आठवड्यात गाडी खरोखर मऊ लागते. पण जे पाच उरले, त्यांतल्या प्रत्येकावर येणारा ताण एकदम साठ टक्क्यांनी वाढतो. रिकाम्या गाडीत ते निभतं. कधीतरी कोणी सिमेंटची पोती टाकतं, गाडी ओढ्यात आपटते, आणि मेन पाटा डोळ्याजवळ तुटतो. मेन पाटा तुटला की हाउसिंगला जागेवर धरणारं दुसरं काही उरत नाही, कारण पिकअपमध्ये पाटा स्प्रिंगचंही काम करतो आणि हाउसिंगला बांधून ठेवणाऱ्या दांड्याचंही. मागचं चाक तिरकं होऊन बॉडीला घासतं. घाटात हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको.

पाट्याच्या सूत्रात तीन गोष्टी लपलेल्या आहेत, आणि जुन्या मिस्त्रींना त्या आकड्यांशिवाय ठाऊक असतात. पाटे वाढवले तर कडकपणा सरळ प्रमाणात वाढतो. जाडी वाढवली तर घनाच्या प्रमाणात, म्हणजे सात मिलिमीटरच्या जागी आठचा पाटा घातला की कडकपणा जवळजवळ दीडपट होतो. आणि लांबी वाढवली तर तो तितक्याच वेगाने घटतो. तिसरी गोष्ट सगळ्यात मोलाची. पाटा न मोडता किती वाकू शकतो, हे पाटे किती आहेत यावर मुळीच ठरत नाही. ते ठरतं लांबीच्या वर्गावर आणि पाट्याच्या पातळपणावर. वरच्याच पोलादात, तोच सुरक्षित ताण धरून, १२०० लांबीचा आणि ८ जाडीचा पाटा सुमारे दोनशे मिलिमीटर वाकेल. १३५० लांबीचा आणि ६ जाडीचा पाटा ३४० मिलिमीटरपर्यंत जाईल. लांबी दीडशे मिलिमीटरने वाढली, जाडी दोनने घटली, आणि चाकाची चाल पावणेदोन पटीच्या जवळ गेली.

म्हणून आडरानासाठी पाटा बांधायचा तर दिशा ठरलेली: लांब, पातळ आणि संख्येने जास्त. १३५० लांबीचे, ६ जाडीचे दहा पाटे घेतले तर कडकपणा मिलिमीटरला तीन किलोच्याही खाली येतो, आणि रिकामी गाडी मिनिटाला शंभर हेलकाव्यांवर उतरते. मात्र लांब पाट्याला जागा लागते. चासीवरचा मागचा ब्रॅकेट काढून तो मागे सरकवून पुन्हा बसवावा लागतो, आणि खरी मेहनत तिथे आहे. हा हिशेब रिकाम्या किंवा हलक्या गाडीचा आहे, हेही पक्कं लक्षात ठेवावं. असं सस्पेन्शन बसवलेल्या गाडीने पुन्हा दीड टन ऊस वाहायचा नाही. दोन्ही हवं असेल तर खाली एक जाड, जवळजवळ सरळ हेल्पर पाटा ठेवतात; गाडी रिकामी असताना तो मोकळा राहतो आणि भार आल्यावर लागू होतो.

हे काम कोल्हापुरात करून घेता येतं, याला इतिहास आहे. शेतीसाठी ऑइल इंजिनं बनवणारं हे शहर. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही नावं इथल्या यंत्रविद्येच्या आरंभाशी घेतली जातात. पोवारांचं नाव तर आजही शहरातल्या कारखान्यांच्या वसाहतीला आहे. शिवाजी उद्यमनगरातल्या लेथमागून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले इथल्या औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. आज जिल्ह्यात शेकडो फाउंड्री आहेत आणि देशभरच्या ट्रक-ट्रॅक्टरांचे ओतीव भाग इथून जातात. त्याच जोडीला पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकांची वर्दळ, गावोगावी उसाच्या ट्रॉल्या, आणि त्यांचे तुटलेले पाटे दुरुस्त करणारी कमानपाट्याची दुकानं. उसाच्या हंगामात या दुकानांतल्या भात्याला उसंत नसते. ओव्हरलोड ट्रॉलीने सपाट करून आणलेला पाटा नुसत्या नजरेने पाहून "अजून दोन सूत कमान पाहिजे" असं सांगणारे हात तिथे आहेत. परदेशी लिफ्ट किट मागवण्याआधी या दुकानात तासभर उभं राहावं, असं मी कोणालाही सांगेन.

पण कमान कशी काढली जाते, हे तिथे उभं राहून नीट बघावं. स्प्रिंगचं पोलाद सिलिको-मँगनीज किंवा क्रोम-व्हॅनेडियम जातीचं असतं. कारखान्यात ते साधारण ८५० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तेलात विझवतात, मग पुन्हा साडेचारशे-पाचशे अंशांवर ठेवून त्याचा ठिसूळपणा काढतात. ताकद या दोन पायऱ्यांमध्ये आहे. थंड पाट्यावर घणाचे सारखे, जवळजवळ घाव घालून कमान वाढवली तर ही ताकद शाबूत राहते. कमान थोडी जास्त ठेवावी लागते, कारण काही महिन्यांत ती थोडी बसते. पाटा लाल करून वाकवला आणि तसाच हवेत थंड होऊ दिला, तर ते पोलाद स्प्रिंग राहतच नाही. दिसायला कमान सुरेख येते आणि पहिल्या पावसाळ्यात सपाट होते. तापवलाच तर विझवणं आणि पाणी उतरवणं (पुन्हा तापवून ठिसूळपणा काढणं) दोन्ही झालं पाहिजे, तेही तापमान अंदाजावर न सोडता. आणि पाट्याला वेल्डिंग कधीही करू नये. तुटलेल्या पाट्यालाही नाही, ब्रॅकेट चिकटवायलाही नाही. वेल्डच्या शेजारची काही मिलिमीटर जागा काचेसारखी ठिसूळ होते आणि पाटा नेमका तिथेच जातो.

काम सुरू करण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. कोल्हापुरात काटा शोधावा लागत नाही. आधी नुसती पुढची चाकं काट्यावर घ्यावीत, मग नुसती मागची. नेहमीचं सामान आणि माणसं गाडीत असावीत. हाउसिंग, चाकं, ब्रेक यांचं वजन स्प्रिंगच्या खालचं. ते वजा केलं की पाट्यावरचा खरा भार मिळतो. हा आकडा हातात नसताना पाटे ठरवणं म्हणजे माप न घेता कपडा कापणं.

उंची वाढवण्याचे मार्ग पुष्कळ आहेत आणि त्यांची प्रतही वेगवेगळी आहे. पाट्याचं एक टोक चासीला जोडणारी झुलती कडी म्हणजे शॅकल; ती लांब करणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. शॅकल पन्नास मिलिमीटरने लांब केली की गाडी त्याच्या निम्मी, पंचवीस मिलिमीटर वर येते, कारण पाट्याचं एकच टोक उचललं जातं. पण त्याबरोबर हाउसिंगही फिरतं. पुढच्या ॲक्सलला असं झालं की स्टिअरिंगचा कॅस्टर कोन बदलतो, आणि वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं थांबतं. सरळ रस्त्यावर गाडी भटकते. पाटा आणि ॲक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर घालून हा कोन परत आणता येतो. लाकडाचे किंवा ॲल्युमिनियमचे ठोकळे पुढच्या पाट्याखाली ठेवणं मात्र सरळ सरळ धोक्याचं आहे. ब्रेक मारल्यावर ॲक्सल फिरायला बघतो, ठोकळा तरफेसारखा काम करतो आणि निसटू शकतो.

शॅकलचा कोनही बघायचा असतो. पाटा दबला की तो सरळ होतो आणि लांबतो; ती लांबी शॅकल मागे झुकून सामावून घेते. गाडी उभी असताना शॅकल आधीच पूर्ण झुकलेली असेल तर तिला जायला जागा उरत नाही, आणि कितीही मऊ पाटे घातले तरी गाडी दगडासारखी आदळते. पुष्कळ जुन्या गाड्यांचा कडकपणा पाट्यांत नसून गंजून बसलेल्या शॅकलच्या पिनांत आणि संपलेल्या बुशांत असतो. पिना काढून, बुश बदलून, पाट्यांमधला गंज घासून ग्रीस भरलं, तरी गाडीची चाल ओळखू येणार नाही इतकी सुधारते. पाट्यांमधलं घर्षण मोठ्या धक्क्यात थोडं उपयोगी पडतं, पण बारीक खडबडीत ते स्प्रिंगला हलूच देत नाही. म्हणून मी तरी हेच आधी करायला सांगेन: खर्च सगळ्यात कमी आणि फरक सगळ्यात मोठा.

दुसरा मार्ग जीपवाल्यांचा. अमेरिकन सैन्याची १९४१ ची विलीज जीप, आणि तिच्या वंशातल्या महिंद्राच्या जीप, यांचे पाटे ॲक्सलच्या खालून बांधलेले असतात. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत माझगावला या जीपांची जुळणी सुरू झाली, म्हणून आपल्या मिस्त्रींच्या तीन पिढ्यांचा हात त्यांवर बसलेला आहे. पाटा खालून काढून ॲक्सलच्या वर घेतला की गाडी एकदम पाच इंचांच्या आसपास उचलली जाते, तेही पाटा न बदलता. पिकअपच्या मागे पाटे बहुधा आधीच वर असतात, त्यामुळे हा उपाय तिथे लागू पडत नाही.

उंचीबद्दल एक गैरसमज मात्र इतका पसरलेला आहे की त्यावर थांबायलाच हवं. सस्पेन्शन कितीही उचललं तरी हाउसिंगचा मधला गोळा, ज्यात क्राउन-पिनियन असतात, तो जमिनीपासून आहे तेवढ्याच उंचीवर राहतो. पाटे त्याच्यावर आहेत. ते बॉडीला उचलतात, ॲक्सलला नाही. चाकोरीत अडकतो तो हाच गोळा. त्याला उचलतो फक्त मोठा टायर, आणि तोही निम्म्यानेच: टायरचा व्यास दोन इंचांनी वाढला की गोळा एक इंच वर जातो. सस्पेन्शनची उंची मोठ्या टायरला वर-खाली हलायला जागा मिळावी, एवढ्यासाठी लागते. तेवढीच घ्यावी.

जास्त घेतली तर किंमत मोजावी लागते. दोन चाकांमधलं अंतर १४०० मिलिमीटर आणि गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ७०० मिलिमीटरवर असेल, तर कागदावर ती ४५ अंशांपर्यंत कलंडत नाही. गुरुत्वमध्य शंभर मिलिमीटर वर गेला की हा आकडा ४१ वर येतो. प्रत्यक्षात उताराकडचे पाटे दबतात, टायर चेपतात, गाडी वळणात असते, म्हणून खरी मर्यादा याच्या बरीच खाली असते. करूळ, भुईबावडा, आंबा, फोंडा या घाटांत पावसाळी धुक्यात समोरून ट्रक आला आणि गाडी एकदम वळवावी लागली, तर हे चार अंश काय असतात ते कळतं.

आता शॉकअप. स्प्रिंग धक्का साठवते, संपवत नाही. साठवलेला धक्का परत येतो म्हणूनच गाडी खड्ड्यानंतर तीन-चारदा डुलते. शॉकअपमधलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि त्या धक्क्याची उष्णता होते. पाणंदीतून अर्धा तास वेगाने आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, चटका बसतो. हलक्या शॉकअपमधलं तेल तापून फेसाळतं आणि तो काम करेनासा होतो. नायट्रोजन भरलेले शॉकअप हा फेस टाळण्यासाठीच असतात.

लांब चालीचे पाटे घालून जुनेच शॉकअप ठेवणं ही नेहमीची चूक. चाक खड्ड्यात लोंबायला लागतं, शॉकअप पूर्ण ताणला जातो, आणि चाकाचं सगळं वजन त्याच्या डोळ्यावर येतं. डोळा तुटतो किंवा चासीवरचा ब्रॅकेट उपटतो. नवा शॉकअप विकत घेण्याआधी गाडी जॅकवर घेऊन दोन मापं काढावीत: चाक पूर्ण लोंबताना दोन बसण्यांमधलं अंतर, आणि चाक पूर्ण वर ढकलल्यावरचं अंतर. शॉकअप उघडा असताना पहिल्यापेक्षा लांब आणि मिटलेला असताना दुसऱ्यापेक्षा आखूड हवा. चाक वर जाताना आधी रबराच्या स्टॉपरवर टेकलं पाहिजे, शॉकअपच्या बुडाला नाही. स्टॉपर हा पाच मिनिटांत बसणारा भाग आहे आणि बहुतेक गाड्यांत तो झडून गेलेला असतो.

चालीची परीक्षा घरीही करता येते. मजबूत रॅम्पवर किंवा दगडांच्या पक्क्या चवडीवर पुढचं एक चाक हळूहळू चढवायचं. जिथे बाकी तिघांपैकी एखादं चाक जमीन सोडायला लागतं, तिथे थांबून चढवलेल्या चाकाची उंची मोजायची. काम करण्याआधीचा आणि नंतरचा आकडा वहीत लिहून ठेवावा. जमीन सोडलेलं चाक नुसतं गरगर फिरतं, कारण साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि मोकळ्या चाकाला फिरायला जोर लागतच नसल्याने जमिनीवरच्या चाकालाही तो मिळत नाही. म्हणून चारही चाकं जमिनीवर ठेवणारी, दोनच चाकांच्या ओढीची पिकअपही पुष्कळदा ताठ पाट्यांच्या फोर बाय फोरच्या पुढे निघते.

हौशी मंडळींचं लक्ष सगळ्यात कमी जातं ते पाट्यांशी न दिसणारं नातं असलेल्या भागांकडे. बॉडी वर गेली की प्रॉपेलर शाफ्ट जास्त तिरका होतो. त्याच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे असले तरच एकाची गचक दुसरा खाऊन टाकतो. एरवी ठराविक वेगाला गाडी थरथरते आणि क्रॉस भराभर जातात. लांब चालीत शाफ्टचा सरकता सांधा बाहेर निसटू नये एवढा आत आहे का, तेही पाहावं. पुढच्या चाकांकडे जाणारा ड्रॅग लिंक तिरका झाला तर प्रत्येक खड्ड्यावर स्टिअरिंग आपोआप एका बाजूला ओढलं जातं.

आणि ब्रेक. चासीपासून हाउसिंगकडे जाणारा रबरी ब्रेक पाइप कंपनीच्या चालीपुरताच लांब असतो. चाक लोंबलं की तो ताणतो आणि एक दिवस फुटतो. तो लांब आणि नामांकित कंपनीचाच घालावा. गॅस वेल्डिंगचा रबरी पाइप कापून लावलेला मी पाहिला आहे, आणि ते पाहून अंगावर काटा येतो. बऱ्याच पिकअपच्या मागे भार ओळखणारा ब्रेक व्हॉल्व्ह असतो. चासी आणि हाउसिंग यांच्यामधला एक दांडा त्याला सांगतो की गाडी भरलेली आहे की रिकामी. आपण चासी चार इंच उचलली की व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामीपेक्षाही रिकामी आहे, आणि तो मागचे ब्रेक जवळजवळ बंदच करून टाकतो. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. भर घाटात सगळा ब्रेक पुढच्या चाकांवर येतो तेव्हा येतं. दांड्याचा ब्रॅकेट जितकी उंची वाढवली तितका सरकवून व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घेतल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये.

हे सगळं कुठे वापरायचं? मूळ मलेशियातली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही आडरानातली स्पर्धा २०१४ पासून गोव्यात भर पावसात होऊ लागली. कोल्हापूरहून गोवा एका सकाळचा रस्ता, आणि जमीनही सह्याद्रीतली, जांभ्याची. अशा स्पर्धांच्या गाड्या जवळून पाहाव्यात. पुष्कळ गाड्या मुळात जुन्या जिप्सी आणि जीप असतात, आणि जिंकणाऱ्या गाडीत चमकदार काही नसतं. चाकं जमिनीला धरून असतात एवढंच. आपल्या जिल्ह्यात मात्र पठारांचे सडे आणि दाजीपूर-राधानगरीचं जंगल यांना चाक लावायचं नाही. सड्यावरची माती काही बोटं जाडीची असते, तिच्यात कीटक खाऊन जगणाऱ्या दवबिंदूसारख्या वनस्पती वाढतात, आणि टायरचा एक ओरखडा वर्षानुवर्षं भरून येत नाही. अभयारण्यात रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहेच. स्वतःचं शेत, मालकाची परवानगी असलेला माळ, पडीक खाण, स्पर्धेचा मार्ग: एवढी जागा हौसेला पुरते.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. माल वाहणाऱ्या पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंगला जावं लागतं, आणि तिथे उचललेली गाडी लपत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच प्रश्न विचारते. म्हणून रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत मूळ मापाचे चांगले पाटे, नवे बुश, मूळ मापाचे उत्तम शॉकअप आणि नवे स्टॉपर एवढंच काम करावं. ही दुरुस्ती झाली, बदल नव्हे. ब्रॅकेट सरकवून, पाटे लांबवून पूर्ण नव्याने बांधलेली गाडी स्पर्धेसाठी आणि खाजगी जमिनीसाठी ठेवावी, आणि तिथपर्यंत ती दुसऱ्या गाडीवर चढवून न्यावी. खर्च वाढतो, पण दुसरा सरळ मार्ग नाही.

शेवटी एक बारीक काम, जे मिस्त्री सांगतात आणि मालक विसरतात. यू बोल्ट एकदा पूर्ण आवळून सोडला की त्याचे आटे ताणलेले असतात. तो पुन्हा वापरू नये, दरवेळी नवा घालावा. नवे पाटे पहिल्या काही दिवसांत एकमेकांवर बसतात आणि यू बोल्ट ढिले पडतात. ते ढिले राहिले तर सेंटर बोल्ट कातरला जातो आणि हाउसिंग पाट्यावरून सरकतं. म्हणून पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा गॅरेजात न्या आणि चारही यू बोल्टच्या जोड्या टॉर्क पान्याने तपासून आवळून घ्या.